शेतकऱ्याच्या मुलांमुलींनीं कोणतें हुन्नरी शिक्षण निवडावें ?

दहावीच्या परीक्षेचा निकाल उन्हाळ्याच्या अखेरीस लागतो आणि पुढील प्रवेशाचे अर्ज मृगाच्या तोंडावर भरावे लागतात. शेतकरी त्या वेळीं बियाणें, खत, पाळी आणि पेरणी यांच्या विवंचनेंत असतो. त्यामुळें मुलास पुढें काय शिकवावें हा प्रश्न बहुधा एका दिवसांत, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा एखाद्या संस्थेच्या रंगीत पत्रकावरून निकालांत निघतो. बैल खरेदी करावयाचा तर आपण चार बाजार पालथे घालतों, त्याचे दांत, खूर, वशिंड न्याहाळतों, औतास जुंपून पाहतों आणि मग सौदा करतों. मुलाच्या आयुष्याचीं दोन-चार वर्षें आणि घरची सारी शिल्लक ज्यांत गुंतावयाची, त्या निवडीस मात्र आपण तितकाहि वेळ देत नाहीं. या विषयावर मासिकाच्या वाचकांपुढें कांहीं विचार मांडावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें. ते आज मांडीत आहों.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगतों. ज्या शेतकरी कुटुंबांत दोन किंवा अधिक मुलें आहेत, त्या प्रत्येक कुटुंबांतील निदान एका मुलानें अगर मुलीनें दहावीनंतर हातानें करावयाचा एखादा व्यवसाय रीतसर शिकावा. तो होतां होईल तों शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शिकावा. आणि तो निवडतांना गुणपत्रिकेकडे पाहण्यापूर्वीं आपल्या पंचक्रोशीकडे व मुलाच्या हाताकडे पाहावें. हें मत कित्येकांस रुचणार नाहीं हें आम्ही जाणून आहों. मुलगा इंजिनिअर किंवा निदान पदवीधर व्हावा ही इच्छा वाईट नाहीं. पण त्या इच्छेचा जमिनीच्या हिशेबाशीं मेळ बसला पाहिजे, म्हणून प्रथम तो हिशेब पाहूं.

कृषिगणनेप्रमाणें १९७०-७१ सालीं महाराष्ट्रांत सुमारें ४९ लाख ५१ हजार वहितीचीं खातीं होतीं, आणि दर खात्यामागें सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर जमीन पडत होती. २०१५-१६ च्या गणनेंत खातीं १ कोटि ५२ लाखांच्या वर गेलीं आणि सरासरी १.३४ हेक्टरांवर, म्हणजे सुमारें सव्वातीन एकरांवर आली. पंचेचाळीस वर्षांत खातीं तिपटीहून अधिक झालीं, आणि प्रत्येकाच्या वांट्याची जमीन एक तृतीयांशाहून कमी राहिली.

महसूल खात्यांत कारकुनी करतांना हा आंकडा आम्हांला पुस्तकांत वाचावा लागला नाहीं. वारसाची नोंद झाली कीं तिच्या पाठोपाठ खातेफोडीचा अर्ज येई. आजोबांच्या नांवें बारा एकरांचा एक उतारा असे, त्याचे मुलांच्या वेळीं तीन होत आणि नातवांच्या वेळीं सहा. दोन-दोन एकरांच्या त्या सहा उताऱ्यांत विहीर मात्र एकच असे, आणि तिच्या पाळीवरून, बांधावरून, वाटेवरून जे तंटे चालत त्यांचीं दप्तरें आम्हीं वर्षानुवर्षें सांभाळलीं आहेत. जेथें बारमाही पाणी आहे व द्राक्ष, डाळिंब किंवा भाजीपाला निघतो, तेथें दोन एकरांवर एक कुटुंब कसेंबसें निभतें. कोरडवाहू मुलखांत तें निभत नाहीं, हें सांगावयास पंडित नको. तेव्हां प्रत्येक पिढींत घरांतील एका तरी माणसाची रोजी जमिनीबाहेर उभी राहिली पाहिजे. ती राहिली नाहीं तर जमीन अखेर विकलीच जाते.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याकडे अजून बोलली जाते. पण वागणूक नेमकी उलट झाली आहे. नोकरी मिळावी म्हणून आपण शेती विकूं लागलों आहों. आमच्या पाहण्यांतील एका गृहस्थांनीं रस्त्यालगतची दोन एकर जमीन काढून मुलास एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत घातलें. मुलगा शहाणा, नेकीचा. चार वर्षांचीं सहा झालीं, पदवी हातीं आली. आज तो एका कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखालीं काम करतो. त्याच कारखान्यांत, त्याच कामावर, दोन वर्षांचा व्यवसाय शिकलेला दुसऱ्या गांवचा एक मुलगा त्याच्या आधीं कायम झाला. मुलाचा यांत दोष नाहीं. ज्या शिक्षणाची कसोटी कोणीं पाहिली नाहीं, त्याची किंमत दोन एकर दिली गेली, एवढेंच.

येथें आपल्या समाजांतील एका जुन्या अढीविषयीं बोललें पाहिजे, कारण ती बोलून दाखविल्याशिवाय हा विषय पुढें सरकत नाहीं. खातेदाराच्या घरीं लोहाराचें, सुताराचें काम करणें हलकें समजलें जात असे. हे कारागीर बलुतेदार. खळ्यावर येऊन ते बलुतें घेऊन जात, आणि नांगराचा फाळ पाजळणें, तिफण दुरुस्त करणें ही त्यांची चाकरी मानली जाई. ज्ञान त्यांच्याकडे होतें, मान मात्र आपल्याकडे ठेविला होता. काळानें हा हिशेब उलटा केला आहे. आज ट्रॅक्टर ऐन वाफशाच्या दिवशीं बंद पडला तर मिस्त्री येईपर्यंत आपण वाटेकडे डोळे लावून बसतों, आणि तो मागेल तो दाम देतों. अडला हरि कोणाचे पाय धरतो हें सर्वांस ठाऊक आहे. तरीहि त्याच घरचा मुलगा ‘मला वेल्डिंग शिकावयाचें आहे’ असें म्हणाला तर आईबापांस चारचौघांत सांगावयाची लाज वाटते. ही लाज फार महाग पडत आहे.

वास्तविक हातचें शिक्षण शेतकऱ्यास नवें नाहीं, आणि तें थोर पुरुषांनीं मागून घेतलेलें आहे. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांत प्राथमिक शाळेंत वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतीचें मूलभूत ज्ञान द्यावें अशी मागणी होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९० सालीं कलाभवन काढलें. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिक्षण घेतलें, व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेंत शिकविण्याचें काम केलें, बेळगांवांत सायकलींचें दुकान चालविलें आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. १९१० सालीं कुंडलनजीकच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आरंभीं लोखंडाच्या नांगरानें जमीन बिघडते म्हणून शेतकरी तो घेईनात असें सांगतात. पुढें तोच नांगर घरोघर गेला. १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनींहि त्यापूर्वीं किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठीं गांवोगांव पायपीट केली होती. त्यांच्या संस्थेंत ‘कमवा आणि शिका’ हें जें तत्त्व आलें, त्यामागें शेतकऱ्याच्या दारीं अवजार विकून मिळविलेला हा अनुभव असला पाहिजे असें आम्हांस वाटतें.

आतां प्रस्तुत व्यवस्थेकडे वळूं. भारत सरकारनें १९५० सालीं शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यांतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. लोक त्यांस आयटीआय म्हणतात. महाराष्ट्रांत आज चारशेंहून अधिक शासकीय संस्था आहेत, म्हणजे बहुतेक तालुक्यांच्या मुलांस घरची भाकरी बांधून जातां येईल इतक्या अंतरावर एक तरी संस्था आहे. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत केंद्रीय पद्धतीनें, गुणानुक्रमें होतो. शासकीय संस्थेची फी खासगीच्या मानानें फार थोडी असते. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी म्हणजेच फिटर, कातारी म्हणजेच टर्नर, हे व्यवसाय दोन वर्षांचे आहेत. संधाता म्हणजे वेल्डर, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक हे एक वर्षाचे आहेत. संधात्यासारख्या कांहीं व्यवसायांस आठवी पास झालेला मुलगाहि पात्र ठरतो. शेवटीं अखिल भारतीय परीक्षा होऊन राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतें, आणि तें देशांत कोठेंहि चालतें.

व्यवसाय निवडण्याची जी रीत सध्यां पडली आहे ती आम्हांस मान्य नाहीं. गुण अधिक असले कीं वीजतंत्री, त्याहून थोडे कमी असले कीं जोडारी, आणि राहिलेल्यांनीं जें मिळेल तें घ्यावयाचें, अशी ही उतरंड आहे. जणूं व्यवसाय म्हणजे पंगतींतील पानें ! कांहीं मुलें संगणकाचा वर्ग केवळ पंख्याखालीं बसावयास मिळतें म्हणून घेतात, आणि वर्षानें टंकलेखनापलीकडे कांहीं न येतां घरीं परततात. निवड कशी करावी याविषयीं आमच्या सूचना पुढीलप्रमाणें आहेत.

पहिली गोष्ट, आपल्या पंचक्रोशींत कोणतें काम रोज अडतें तें पाहावें. हें पाहण्यास कोणताहि अहवाल लागत नाहीं. बाजाराच्या दिवशीं तालुक्याच्या ठिकाणीं कोणत्या दुकानापुढें शेतकरी तिष्ठत उभे आहेत तें मोजावें. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणीयंत्र आणि पेरणीयंत्र आतां लहान गांवांतहि आहेत; त्यांची दुरुस्ती करणारा माणूस मात्र दोन-चार गांवांत मिळून एखादा असतो आणि हंगामांत तो सापडत नाहीं. अशा मुलखांत ट्रॅक्टर किंवा डिझेल मेकॅनिकचें एक वर्षाचें शिक्षण चार वर्षांच्या पदवीपेक्षां लवकर फळ देतें. ट्रॉलीचे सांगाडे, गोठ्याचे पत्रे, फाटकें, अवजारांचे तुटलेले भाग हें सारें संधात्याचें काम. त्यास लागणारें भांडवलहि इतर धंद्यांच्या मानानें थोडें असतें.

जेथें विहिरी व बोअर फार आहेत तेथें मोटर जळणें, स्टार्टर बिघडणें, केबल तुटणें हें नित्याचें आहे. वीजतंत्री व तारतंत्री यांस तेथें काम कमी पडत नाहीं. येथें एक गोष्ट कळवळ्यानें सांगावीशी वाटते. डीपीवर फ्यूज टाकतांना किंवा ओल्या हातानें स्टार्टर उघडतांना शेतकरी दगावल्याची बातमी दर पावसाळ्यांत वाचावयास मिळते. गांवांत शिकलेला व परवानाधारक तारतंत्री असेल तर त्याची मजुरी वाचविण्यासाठीं कोणी जीव धोक्यांत घालूं नये. अलीकडे सौर पंपांची भर पडली आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ सालीं आली आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ सालीं. पंप बसवून देणारी कंपनी दूरच्या शहरांतील. बिघाड झाला कीं तक्रार नोंदवून वाट पाहणें आलें. सौर तंत्रज्ञ हा व्यवसायहि आयटीआयमध्यें शिकवितात. ज्या तालुक्यांत असे पंप बसले आहेत तेथील मुलांनीं त्याची चौकशी अवश्य करावी.

द्राक्ष, भाजीपाला किंवा दूध यांच्या पट्ट्यांत शीतगृहें आणि दूध शीतकरण केंद्रें आहेत. तेथें शीतकरण यंत्रांचा कारागीर हवा असतो. साखर कारखान्यांच्या मुलखांत जोडारी, कातारी व संधाता यांस दर वर्षीं हंगामापूर्वींच्या दुरुस्तींत काम असतें. चाकण, रांजणगांव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी यांसारख्या औद्योगिक वसाहतींच्या जवळ राहणाऱ्यांनीं जोडारी व यंत्रकारागीर यांचा विचार आधीं करावा. मतितार्थ असा कीं, एकाच व्यवसायास सर्वत्र सारखें मोल नसतें. जसें काळ्या रानांत जें पिकतें तें मुरमाड माळावर पिकत नाहीं, तसेंच हें आहे.

दुसरी गोष्ट मुलाची. कांहीं मुलें लहानपणापासून सायकल खोलून पुन्हां जोडतात, मोटरीच्या आवाजावरून बिघाड ओळखतात. अशांस वर्गांतील गुण कमी असले तरी कार्यशाळेंत तीं चमकतात. उंचावर चढण्याची ज्यास भीति वाटते त्यास तारांच्या कामावर घालूं नये. ज्याचे डोळे अधू आहेत त्यास वेल्डिंगच्या ठिणगीपुढें बसवूं नये. प्रवेशापूर्वीं सुटींत पंधरा दिवस तरी मुलास ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताखालीं बसवावें. तेल, काजळी आणि ऊन सोसून तो आठव्या दिवशीं हौसेनें परत गेला, तर निवड योग्य आहे असें समजावें. मुलास न विचारतां बापानें अर्ज भरणें ही मोठी चूक होय. शिकावयाचें त्यास आहे.

तिसरी गोष्ट संस्थेची. संस्था तिच्या कमानीवरून पारखूं नये. कामाच्या दिवशीं, पूर्वसूचना न देतां कार्यशाळेंत जावें. यंत्रांवर धूळ आहे कीं तेल आहे तें पाहावें. शिकविणारा निदेशक नेमलेला आहे कीं जागा रिकामी आहे तें विचारावें. मुलें उभीं राहून काम करीत आहेत कीं नुसतीं वही उतरवीत आहेत हें एका तासांत कळतें. दोन वर्षांपूर्वीं शिकून गेलेल्या चार मुलांचीं नांवें घेऊन तीं आज कोठें आहेत याचा शोध घ्यावा. एवढी चौकशी सोयरीक जुळवितांना आपण करतोंच. कांहीं खासगी संस्थांत पाटी मोठी आणि यंत्रें थोडीं असतात. एके ठिकाणीं मुलांस वर्षभर न बोलावतां परीक्षेस बसविण्याचें आश्वासन दिल्याचें आमच्या कानीं आलें. नियमाप्रमाणें परीक्षेस ८० टक्के हजेरी लागते. हजेरीवांचून जें मिळतें तें केवळ कागद. तो घेऊन मोटर दुरुस्त होत नाहीं. सगळ्याच खासगी संस्था अशा नाहींत, कित्येक उत्तम चालल्या आहेत. परंतु पैसे भरण्यापूर्वीं तो विशिष्ट व्यवसाय केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालयाशीं संलग्न आहे कीं नाहीं याची खात्री स्वतः करून घ्यावी. संस्था संलग्न आहे म्हणून तिचा प्रत्येक वर्ग संलग्न असतोच असें नाहीं.

चवथी गोष्ट शिकाऊ उमेदवारीची, आणि तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वयें मोठ्या आस्थापनांनीं शिकाऊ उमेदवार घेऊन त्यांस विद्यावेतन देणें बंधनकारक आहे; २०१९ च्या दुरुस्त नियमांनीं ही सक्ती तीस व त्याहून अधिक माणसें असलेल्या आस्थापनांस लागूं केली. व्यवसाय पुरा होतांच मुलानें घरीं न बसतां एक वर्षाची उमेदवारी करावी. संस्थेंत हत्यार कसें धरावें हें कळतें. वेळेवर काम पुरें कसें करावें, ग्राहकास उत्तर कसें द्यावें, हें उमेदवारींत कळतें. स्वतःचें दुकान काढावयाचें असेल त्यानेंहि हें वर्ष चुकवूं नये.

या मतावर कांहीं आक्षेप येतात, त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, आयटीआयला गेलेल्या मुलाचा पुढील शिक्षणाचा मार्ग बंद होतो. हें खरें नाहीं. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पुरा केलेल्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळूं शकतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षास. ज्याची बुद्धि व उमेद आहे त्यास जिना मोकळा आहे. फरक इतकाच कीं, प्रत्येक पायरीवर थांबलें तरी पोट भरतां येतें. नुसत्या कला शाखेच्या बारावीवर थांबलेल्या मुलास तें सांगतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, शेतकऱ्याच्या मुलानें शेतीचेंच शिक्षण घ्यावें. हा आक्षेप आम्हांस मनापासून प्रिय आहे, आणि ज्याच्या घरीं पाणी व पुरेशी जमीन आहे त्यानें तसेंच करावें. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषि विद्यापीठांच्या क्षेत्रांत दहावीनंतरच्या कृषि पदविकेच्या शाळा आहेत, व मराठींतून शिकण्याची सोय आहे. रोपवाटिका, कृषि सेवा केंद्र, ठिबक संचाचें काम यांस तें शिक्षण उपयोगी पडतें. खतें व औषधें विकण्याच्या परवान्यास आतां शैक्षणिक पात्रता लागते हेंहि लक्षांत असावें. परंतु पदवी घेऊन पांच-सात वर्षें स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेंत काढावयाचीं आणि शेताचा बांधहि पाहावयाचा नाहीं, याला शेतीचें शिक्षण म्हणतां येणार नाहीं.

तिसरा आक्षेप मिळकतीचा. आरंभीं मजुरी थोडी मिळते, कारखान्यांत ठेकेदारी बोकाळली आहे, कायम होणें सोपें नाहीं, हें सर्व आम्ही मान्य करतों. हुन्नर शिकला कीं घरीं सोन्याचा धूर निघेल असें आम्ही सांगत नाहीं. पण ज्यास काम येतें तो एक ठेकेदार सोडून दुसरा धरूं शकतो, आणि दोन्ही सोडून गांवीं दुकान घालूं शकतो. दुष्काळाच्या वर्षीं घरांत महिन्याकाठीं येणारी ती रोकड सोसायटीचा हप्ता भरते, आणि बहुधा तीच भावाची जमीन विकण्यापासून वांचविते. हुन्नरानें मुलगा शेती सोडील ही भीति पुष्कळांस वाटते; आमचा अनुभव असा कीं, शेती त्यास सोडावी लागते ती बहुधा कर्जामुळें.

मुलींविषयीं दोन शब्द स्वतंत्र लिहिले पाहिजेत. आयटीआयमध्यें मुलींसाठीं जागा राखीव असतात, तरी पालक शिवणकामापलीकडे जाण्यास कचरतात. शिवणकाम वाईट नाहीं. परंतु फळें व भाजीपाला प्रक्रिया, दुग्धव्यवसाय, वीजतंत्री, आरेखक हे व्यवसायहि मुली उत्तम करतात. ज्या घरांत टोमॅटो मातीमोल भावानें टाकून द्यावे लागतात, त्या घरच्या मुलीनें प्रक्रियेचें शास्त्र शिकलें तर तें ज्ञान माहेरीं व सासरीं दोन्हीकडे राहतें. लग्नांतील एका दिवसाच्या खर्चांत तिचें संपूर्ण शिक्षण होतें, हा हिशेब प्रत्येक बापानें एकदां कागदावर मांडून पाहावा.

ज्या मुलांस पुस्तकी शाळा मुळींच मानवत नाहीं, त्यांच्यासाठीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथील विज्ञान आश्रमाचें उदाहरण सांगण्याजोगें आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचें काम सोडून आलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं तो सुरू केला. तेथें एक वर्षांत मुलगा बांधकाम, वेल्डिंग, वीज, शेती, पशुपालन अशीं नाना कामें प्रत्यक्ष करून शिकतो, आणि गांवांतील लोकांचीं कामें करून देणें हाच त्याचा अभ्यास असतो. एकाच यंत्रांत पारंगत होण्यापेक्षां खेड्यांतील दहा अडचणी सोडविणारा माणूस तयार करावा हा त्यामागील हेतु आहे. अशा संस्था प्रत्येक जिल्ह्यांत असत्या तर या लेखाचें काम पुष्कळ हलकें झालें असतें.

शेवटीं कागदपत्रांविषयीं व संघाच्या कर्तव्याविषयीं. उत्पन्नाचा, अधिवासाचा, जातीचा व लागू असेल तेथें नॉन-क्रीमी लेयरचा दाखला निकाल लागल्यावर मागावयास गेलें म्हणजे तहसील कचेरींत रांग लागते, आणि प्रवेशाची मुदत हातून निघून जाते. हे दाखले माघ-फाल्गुनांत, मळणीच्या सवडींत काढून ठेवावेत. मुलाचें नांव शाळेच्या दाखल्यावर, आधारावर व जातीच्या दाखल्यावर एकाच तऱ्हेनें लिहिलें आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें; एका काना-मात्रेच्या फरकानें वर्ष फुकट गेलेलीं मुलें आम्हीं कचेरीच्या पायऱ्यांवर पाहिलीं आहेत.

आपल्या शेतकरी संघासहि आमची विनंति आहे. संघ बियाण्यांचें प्रदर्शन भरवितो, पीकस्पर्धा घेतो, तें उचितच आहे. त्याच धर्तीवर दर वर्षीं फाल्गुनांत नववी-दहावीच्या मुलांमुलींस त्यांच्या पालकांसह जवळच्या शासकीय संस्थेच्या कार्यशाळेंत एक दिवस नेऊन आणावें. व्यवसाय शिकून व उमेदवारी पुरी करून गांवीं दुकान घालूं इच्छिणाऱ्या सभासदाच्या मुलास हत्यारांसाठीं अल्प व्याजाचें कर्ज द्यावें, आणि संघाच्या अवजारांच्या दुरुस्तीचें काम प्रथम त्यास द्यावें. यास खर्च फारसा नाहीं; ठराव करून तो अंमलांत आणण्याची चिकाटी मात्र पाहिजे.

जमीन वाढत नाहीं आणि वांटण्या थांबत नाहींत. वाडवडिलांनीं जमीन दिली. तिच्याबरोबर देण्यास आपल्याजवळ दुसरें काय आहे याचा विचार प्रत्येक खातेदारानें या उन्हाळ्यांत, निकाल लागण्यापूर्वींच करावा. मुलास जवळ बसवून त्याचें मन विचारावें, एक दिवस औत उभें ठेवून संस्थेची कार्यशाळा पाहून यावें, आणि मगच अर्जावर सही करावी, अशी आमची सर्व वाचकांस आग्रहाची विनंति आहे.